पाणी उतरलं नव्हतं

त्या पावसाळ्यात मी हवालदार होतो आणि आमची युनिट पुण्याजवळ होती. इंजिनिअर रेजिमेंट. सैनिक म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. आम्ही बंदुकीपेक्षा फावडं, दोर आणि बोट जास्त हाताळली. पावसाळ्याचे चार महिने आमच्यातली एक तुकडी कायम तयार असायची. तिला फ्लड रिलीफ कॉलम म्हणतात. बोटी ट्रकवर चढवलेल्या, लाइफ जॅकेट मोजलेली, पेट्रोल भरलेलं. प्रशासनाने मदत मागितली की दोन तासांत गेटबाहेर पडायचं.

श्रावण चालू होता. दुपारी दोनला कॅप्टन अय्यर साहेब गाड्यांच्या एमटी शेडमध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "कॉलम मूव्ह करेगा. कल्याण." मग माझ्याकडे बघितलं. "म्हात्रे, तुम्हारा इलाका है ना?"

"जी साब."

"फिर तो गाइड की जरूरत नहीं."

जवान हसले, मीही हसलो. छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू? वीस वर्षं राजस्थान, अरुणाचल, जम्मू असं सगळं फिरलो, तिथे दर वेळी कोणीतरी दुसरा म्हणायचा की हा माझा मुलूख. आता पहिल्यांदा माझी पाळी आली होती.

मी आगरी. आमचं गाव डोंबिवलीच्या दक्षिणेला, खाडीच्या अंगाला. आता तिकडे टॉवर आहेत, पण माझ्या लहानपणी मिठागरं होती आणि बाबा मिठागरावर काम करायचे. मीठ पिकवणारा माणूस घड्याळ बघत नाही, तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. आमची खाडी आत आहे, म्हणून त्यात आणखी पाऊण तास मिळवायचा. हे गणित मला पाढ्यांच्या आधी येत होतं. युनिटमध्ये मी ते कितीतरी जणांना शिकवायचा प्रयत्न केला. कोणाला त्याचा उपयोग नव्हता, पण मला सांगायची हौस.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक देवराज होता. हिमाचलचा, कुल्लूच्या वरच्या अंगाला कुठल्याशा नाल्याच्या काठचं गाव. चार वर्षं माझ्याबरोबर होता. बोलणं कमी, हात चलाख. दोराच्या कामात त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. त्याची एक खोड होती. एक्सरसाइजला गेलो की तो आपला तंबू कधीही ओढ्याकाठी लावायचा नाही. ओढा कोरडा ठणठणीत असला तरी हा पठ्ठ्या सामान उचलून चढावर जायचा. मी त्याची थट्टा करायचो.

"अरे देवराज, सूखा नाला है. तुझे खाएगा क्या?"

तो म्हणायचा, "उस्ताद, सूखा वाला ही खाता है."

आम्ही हसायचो. तो हसायचा नाही.

रात्री आठला आम्ही कल्याणला पोचलो. एका महापालिका शाळेत मुक्काम मिळाला. पाऊस दोन दिवस धरून होता, रस्ते भरले होते, पण त्यात नवल नव्हतं. सकाळी सहाला आम्हाला जागा मिळाली. मलंगच्या डोंगरातून एक लहानशी नदी उतरते आणि खाडीला मिळते. खाडीच्या तोंडाजवळ, नदीच्या पलीकडच्या काठावर एक पाडा आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच आहेत. माझ्या गावापासून चार किलोमीटर. नदीवर एक फरशी होती, म्हणजे कठडे नसलेला बुटका काँक्रीटचा पूल. पावसाळ्यात पाणी तिच्यावरून जातं आणि पाडा तुटतो. लोकांना त्याची सवय आहे. या वेळी फरशीवर छातीभर पाणी होतं आणि पाड्यात तेवीस माणसं अडकली होती.

सातला आम्ही काठावर होतो. मी, देवराज, दोन सॅपर म्हणजे आमच्या रेजिमेंटचे जवान, एक असॉल्ट बोट आणि तिचं इंजिन. कॅप्टन साहेब आम्हाला जागा दाखवून दुसऱ्या बोटीच्या मागे वरच्या अंगाला गेले. तिकडे दीड किलोमीटरवर याच नदीवर मोठ्या रस्त्याचा पूल आहे. रेडिओवर आम्ही टू, ते वन; आधी समोरच्याचा नंबर घ्यायचा, मग आपला.

दोन फेऱ्यांत चौदा माणसं आणली. म्हातारी, गरोदर, मुलंबाळं आधी. तिसऱ्या फेरीला निघालो आणि इंजिन बंद पडलं. पंख्यात जलपर्णी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. काढलं, सुरू केलं, पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा पंख्याची पिनच तुटली. वल्ही मारून जायचं तर प्रवाह बोटीला खाडीत नेत होता. पलीकडे नऊ माणसं राहिली होती. त्यांना इकडे आणायचं होतं. माझ्यासमोर त्या दिवशी एवढंच काम होतं.

पावणेदहा वाजले होते. पलीकडच्या काठावर एक उंच, वाळकट म्हातारा लुंगी वर खोचून उभा होता. काशीनाथकाका. माझ्या बाबांबरोबर मिठागरावर असायचे. त्यांनी मला ओळखलं आणि पाण्यावरून हाळी दिली.

"म्हात्र्याचा पोर ना रं तू?"

"हो काका!"

"आज तीथ कंची?"

"द्वादशी!"

"मंग? बापानी काय शिकवलं व्हतं तुना?"

बाराची पाऊणपट नऊ. आपल्या खाडीत पाऊण तास उशिरा. पावणेदहा. म्हणजे भरती आत्ता पुरी झाली आणि आता ओहोटी लागणार. खाडीचं पाणी खाली गेलं की नदीला वाट मिळणार, फरशी उघडी पडणार आणि नऊच्या नऊ माणसं पायी चालत येणार. मला इतका आनंद झाला की बस्स. मी रेडिओ उचलला.

"वन फॉर टू. इंजिन खराब. दहा बजे के बाद ओहोटी है, साब, मतलब लो टाइड शुरू. पानी उतरेगा. लोगों को रस्सी पे पैदल निकालेंगे. ओव्हर."

"टू फॉर वन. पक्का? ओव्हर."

"हंड्रेड पर्सेंट, साब. मेरा गाँव है. ओव्हर."

"ठीक है. प्रोसीड. आउट."

देवराज आणि एक सॅपर पोहत जाऊन पलीकडे दोर बांधून आले. अलीकडे विजेचा खांब, पलीकडे चिंचेचं झाड. कमरेइतक्या उंचीवर घट्ट ताणलेला दोर, धरून चालायला. शिवाय देवराजच्या कमरेला वेगळी सेफ्टी लाइन, तिचं टोक माझ्याकडे. तो फरशीच्या मध्यावर उभा राहणार आणि एकेकाला पुढे काढून देणार.

दहा वाजून पाच मिनिटांनी पाणी उतरायला लागलं.

मी घड्याळ बघितलं आणि मनात म्हटलं, वा रे बाबा! पलीकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या. "ओहोटी लागली, ओहोटी लागली!" दहा-वीसला फरशीवर गुडघाभर पाणी राहिलं. पंधरा मिनिटांत छातीवरून गुडघ्यावर.

आता हे वाचताना तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. मिठागरावर वाढलेल्या माणसाला ओहोटी कशी उतरते हे सांगावं लागतं का? ती पंधरा मिनिटांत वीतभरही उतरत नाही. मी ती आयुष्यभर पाहिली होती. पण वेळ बरोबर जुळली होती ना! गणित जुळलं की माणूस डोळे मिटून घेतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

देवराज फरशीवर उभा होता. तो लोकांकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता. वाकून त्याने ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला. मग मलंगच्या बाजूला मान वळवली. आमच्या डोक्यावर दोन दिवसांनी ऊन पडलं होतं. डोंगर मात्र दिसतच नव्हता. जिथे डोंगर असायला हवा तिथे काळा पडदा होता.

"उस्ताद," तो म्हणाला, "ऊपर बारिश चालू है."

"तो?"

"तो पानी कम कैसे हुआ?"

"अरे, समंदर उतर रहा है. तू पहाड़ी आदमी, तुझे समंदर का क्या पता?"

"समंदर का नहीं पता," देवराज म्हणाला. "पर ये पानी उतरा नहीं है, उस्ताद. रुका है. पीछे कहीं रुका है."

मी म्हटलं, "काम कर."

त्याने काम सुरू केलं. पहिला माणूस आला तो डोक्यावर टीव्ही घेऊन. दुसरी बाई गॅसचा सिलिंडर ओढत होती. पाणी उतरलं की घरात शिरून चीजवस्तू काढायची ही आमच्याकडची जुनी रीत. भरतीचा पूर तसाच असतो. तो येतो, बसतो, ठरल्या वेळी जातो आणि माणसाला सामान काढायला पाच-सहा तास देतो. पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांनी असाच पूर पाहिला.

देवराज ओरडला, "सामान फेंको! खाली हाथ आओ! जल्दी!"

लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा होतो. त्यांची भाषा बोलणारा, म्हात्र्याचा पोर. गरिबाच्या घरातला एकच टीव्ही, तो पाण्यात फेक म्हणून कसं सांगायचं? मी म्हटलं, "राहू दे देवराज, आणू दे. तीन तास आहेत आपल्याकडे."

तो सामान हातोहात पुढे देत राहिला. एकदा मात्र माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "उस्ताद, मेरे बाप ने एक ही बात सिखाई है. बारिश में नदी घटे तो भागो."

तिसऱ्यांदा सांगत होता तो. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

दहा-अडतीसला सात माणसं अलीकडे होती. पलीकडे फक्त काशीनाथकाका आणि त्यांची बायको मंजुळाकाकू. काकांनी सगळ्यांना पुढे सोडलं होतं. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "मना घाई नाय रं. पोरीबालींना आदी जाव दे. ओहोटी हाय."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. कॅप्टन साहेबांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता.

"टू फॉर वन! म्हात्रे, ब्रिज चोक है! पूरा कचरा, पेड़, सब अटका है. पीछे पानी सड़क के ऊपर आ गया. ब्रिज हिल रहा है. नदी खाली करो! अभी! ओव्हर!"

मी ओके म्हटलं की नाही आठवत नाही. मी ओरडलो, "काका, पळा! देवराज, पानी!"

देवराजला सांगायची गरज नव्हती. तो आधीच पलीकडच्या टोकाला पोचला होता. काकांना त्याने दंडाला धरून दोरावर आणलं आणि ढकललंच. म्हातारा भराभर आला. मागे मंजुळाकाकू, काष्टा घातलेलं लुगडं, वर आमचं लाइफ जॅकेट. तिच्या मागे देवराज. फरशीचा अर्धा भाग पार केला आणि काकू थांबली. काँक्रीटला एके ठिकाणी भगदाड पडलं होतं. गढूळ पाण्यात ते कोणालाच दिसलं नव्हतं. पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि लोखंडी सळईत अडकला.

देवराज खाली बसला. पाण्यात हात घालून तो काहीतरी करत होता. मला त्याचं डोकं तेवढं दिसत होतं.

मग सगळीकडचे बगळे एकदम उठले.

पायाखालची जमीन हलायला लागली. आवाज नंतर आला. आधी तो कानांना नाही, दातांना कळला. मालगाडी पुलावरून जाते तसा, पण ही गाडी संपत नव्हती. नदीच्या वळणावरची बांबूची बेटं एकामागून एक आडवी झाली आणि वळणातून ते बाहेर आलं.

ते पाणी नव्हतं. म्हणजे पाणी मागे होतं. पुढे भिंत होती. जलपर्णी, ओंडके, दारं, पत्रे, एका टेम्पोचा हौद, हे सगळं घुसळत, एकमेकांवर चढत येत होतं. एक अख्खा कडुनिंब मुळांसकट उभाच्या उभा चालत येत होता, पानं हिरवीगार, जागच्या जागी असल्यासारखा. तळाशी दगड लोळत होते. त्यांचे ठोके वेगळे ऐकू येत होते, धम्म, धम्म, कोणी जमिनीखालून दार ठोठावतंय असे. आणि वास! ओल्या मातीचा नाही, खणलेल्या मातीचा, विहीर खोदताना खालून येतो तसा. नदीचा मधला भाग काठांपेक्षा उंच होता. पाणी फुगीर होतं. पाणी असं उभं राहू शकतं हे मला माहीत नव्हतं. आणि या सगळ्यावर लख्ख ऊन पडलं होतं. एक थेंब पाऊस नव्हता.

एक गोष्ट मी आजवर बायकोला सोडून कोणाला सांगितली नाही. दोन-तीन सेकंद मी नुसता बघत राहिलो. हातात लाइन होती, माझा माणूस पाण्यात होता आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो. इतकं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भीती वाटायला सुद्धा वेळ लागला. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर होतं तसं काहीतरी झालं होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

लाइनला दोन झटके बसले. ओढा, अशी आमची खूण. मी भानावर आलो. "खेचो!" आम्ही तिघांनी जीव खाऊन ओढलं. पाड्यातले दोघे धावून आले, पाच जणांनी ओढलं. भिंत फरशीवर आली, ताणलेला दोर सुतळीसारखा तुटला, विजेचा खांब वाकला. पाणी आमच्या कमरेपर्यंत आलं आणि आम्ही मागे मागे सरकत, पडत, चढावर ओढत राहिलो. लाइनला वजन होतं. मी मनात म्हणत होतो, आहे, देवराज आहे, सोडू नकोस.

वजन वर आलं. नारंगी जॅकेट, त्याला देवराजचा हुक लावलेला, आणि आत मंजुळाकाकू. पाय सोलून निघाला होता, नाकातोंडात चिखल. पण जिवंत.

देवराजने हुक स्वतःच्या कमरेचा काढून तिला लावला होता. दोन झटके त्यानेच दिले होते.

वीस मिनिटांत ते सगळं निघून गेलं. अकरा-दहाला नदी पुन्हा नदीसारखी दिसत होती. फरशी नव्हती. चिंचेचं झाड नव्हतं. पाड्यातली खालची तीन घरं नव्हती, जोती होती. आणलेला टीव्ही चढावर कोरडा पडला होता. मी काठाकाठाने हाका मारत खाडीपर्यंत धावलो आणि परत आलो. काशीनाथकाका चिखलात बसून कपाळावर हात मारत होते. "मी सांगलं, पोरा. मीच सांगलं, ओहोटी हाय म्हनून." मी त्यांना उठवलं. त्यांनी सांगितलं, पण हुकूम माझा होता.

दुपारी साडेचारला खाडीच्या तोंडाशी तिवरांच्या मुळांत एका कोळ्याला देवराज सापडला. तेव्हा खरी ओहोटी पुरी झाली होती. बूट पायात होते. मी आणि कॅप्टन साहेबांनी त्याला बोटीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन साहेबांनी मला बरोबर घेऊन नदी वरपर्यंत चालायला लावली. शिक्षा म्हणून नव्हे. म्हणाले, "सॅपर है हम. देखना तो पड़ेगा." मी जे पाहिलं ते साध्या शब्दांत सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण अशाच एखाद्या नाल्याच्या काठी राहतात.

डोंगर काळ्या कातळाचा. कातळ पाणी पीत नाही. वर जी थोडी माती आहे ती दोन दिवसांच्या पावसाने तुडुंब प्यायलेली, तिला आणखी थेंब नको होता. अशा वेळी वर एखादा ढग तास-दीड तास नेट लावून कोसळला की पडलेलं सगळं पाणी लगेच घसरतं. उतार उभा, घळी अरुंद. दहा ओढे एकाच नदीत एकाच वेळी येतात. मोठ्या नदीला पूर यायला दिवस लागतो, ती सांगून-सवरून येते. ही लहान पोर घटकाभरात येते. खाली माणसाने काठाला भराव घालून पात्र निम्मं केलेलं. त्यात पुलाखाली सिमेंटचे गोल पाइप टाकलेले. पहिला ओंडका आडवा झाला, त्यावर जलपर्णी बसली, त्यावर पिशव्या, थर्माकोल, गाद्या. पाइप बुजले. पूल राहिला नाही, धरण झालं. दहा-पाचला आमच्याकडे पाणी उतरलं ते म्हणूनच. वर ते साठत होतं. पस्तीसेक मिनिटं साठलं आणि मग धरण फुटलं.

आम्हाला पुलाजवळ एक दगड दिसला, आमच्या ट्रकच्या केबिनएवढा. गावातला एक जण म्हणाला, हा काल इथे नव्हता. साहेबांनी त्यावर हात ठेवला, मी पण ठेवला. पाण्याने एवढा दगड उचलून आणला होता. आम्ही दोघं इंजिनिअर, स्फोटकांनी दगड फोडणारी माणसं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी झाली. चौकशी करणारे मेजर साहेब भले होते. त्यांनी टाइप करून घेतलं की लोंढा अचानक आला, पूर्वसूचना नव्हती. मला सही करायला सांगितलं. मी केली नाही.

"साब, पूर्वसूचना थी."

"किसकी?"

"नाईक देवराज की. तीन बार. मैंने नहीं मानी."

ते म्हणाले, "म्हात्रे, सोच लो. ये लिखा तो तुम्हारे खिलाफ जाएगा." मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं. मला ताकीद मिळाली, बढती मागे पडली, आणि ते योग्यच झालं.

पुढच्या वैशाखात सुट्टी काढून मी देवराजच्या गावी गेलो. आधी पत्र टाकलं होतं. बसमधून उतरून दोन तासांची चढण. घर नाल्यापासून बरंच वर, लाकडाचं. त्याचे वडील ओसरीवर लोकर पिंजत होते. मी पाया पडलो, सगळं सांगितलं. दोर, टीव्ही, घड्याळ, काहीही वगळलं नाही. त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणूनच मी गेलो होतो, हे चढ चढताना मला कळलं होतं.

म्हाताऱ्याने लोकर बाजूला ठेवली. "उसको पता था?"

"पता था. उसने कहा था, पानी रुका है."

"फिर भी उतरा?"

"मैंने हुकुम दिया था."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "हुकुम से उस पानी में हमारे यहाँ खच्चर भी नहीं उतरता, साब. वो खुद उतरा." आणि आत तोंड करून मोठ्याने त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. मला त्यातलं देवराजचं नाव तेवढं कळलं.

त्याची आई बाहेर आली. ओले हात ओढणीला पुसत माझ्यासमोर खाली बसली. मी मान वर करू शकत नव्हतो.

"वो औरत," तिने विचारलं, "ठीक है?"

"जी, माँजी. चलती-फिरती है. पैर ठीक हो गया."

"नाम क्या है उसका?"

"मंजुळा."

तिने ते नाव हळूच म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा म्हटलं, नीट लक्षात राहावं म्हणून, आणि मला विचारलं की जेवणार ना.